घरटी एक माणूस

वरलीवाडीचा गावकर रावजी आपण होऊन बौद्धवाडीत आला, तेव्हाच कमलाबाईच्या मनात पाल चुकचुकली. रावजी वाडीत यायचा तो मतं मागायला, नाहीतर त्याची गाय चुकून इकडे आली तर. मतं अजून लांब होती आणि गाय तर तिने सकाळीच परह्यावर पाणी पिताना पाहिली होती.

ती आणि सून दर्शना घराखालच्या कुणग्यात दाढ रचत होत्या. पावसाळ्यात भाताची रोपं करायची ती जागा शिमग्याच्या सुमाराला भाजून ठेवावी लागते. खाली शेणी, त्यावर कवळाच्या डहाळ्या, वर वाळक्या पानांचा पातेरा आणि सगळ्यावर माती. रानातून पातेऱ्याचे हारे डोक्यावरून आणून कमलाबाईची मान लाकडासारखी झाली होती. घाम डोळ्यात उतरत होता आणि पातेऱ्यातले लाल डोंगळे कोपरापर्यंत चढले होते. अशा वेळी वरून हाक आली.

"वयनी, दादा हायत का घरात?"

ती तशीच उभी राहिली. वयनी. मागल्या गणपतीत बाबूच्या दुकानात ह्याच रावजीने तिला "गो कमळे, सरक बघू जरा" म्हणून बाजूला केलं होतं. पाच-सहा महिन्यांत हिची वयनी कशी झाली? तिने दर्शनाकडे पाहिलं. दर्शनाने नुसत्या भुवया उडवल्या. पोर पूर्णगडच्या बाजूची, समुद्रकाठची, बोलायची कमी पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

ओटीवर तिचा नवरा भिवा गुडघ्याला तेल लावत बसला होता. मुंबईच्या गोदीत ओझी उचलून उचलून उजवा गुडघा गेला होता. रावजी आला तसा तो उठायला लागला, तर रावजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, खुर्ची ओढून स्वतः बसला. दर्शनाने चहा आणला. कमलाबाई दारात उभी राहून बघत होती ती चहाच. रावजीने घोट घेतला, दुसरा घेतला, आणि बोलता बोलता कप खुर्चीच्या पायाशी ठेवून दिला. परत उचलला नाही.

विषय पालखीचा होता. गावची पालखी शिमग्याला देवळातून निघते, मळ्यातल्या सहाणेवर येऊन बसते. सहाण म्हणजे चिऱ्यांचा चौथरा. तिथून मग घरोघर फिरते. सहाणेवरून आधी वरलीवाडीला जायचं की तळेवाडीला, ह्यावरून दोन वाड्यांचं जुनं वैर. मागल्या शिमग्याला काठ्या निघाल्या, डोकी फुटली, रत्नागिरीहून पोलिसांची गाडी आली. या वर्षी साहेबांनी सांगितलं होतं, शिमग्याला माझ्याकडे माणसं पुरत नाहीत, तुमचा बंदोबस्त तुम्ही करा, नाहीतर पालखी देवळातच कुलपात राहील.

"म्हणून मनात आला," रावजी म्हणाला, "का मधी उभी राहायला तुमची वाडी बरी. तुमाला पालखी नाय, तुमाला दोनी वाड्या सारख्याच. आणि तुमच्या अमरदीपने तर नाव काढलान गावाचा. तिकडे आफ्रिकेत तो काय करतो? दोघांच्या भांडणात मधी उभा राहतो. ताच हितं करायचा. घरटी एक माणूस द्या, बस."

भिवा गुडघ्यावरचं तेल चोळत राहिला. रावजीने जाता जाता आणखी एक गोष्ट सोडली, सहज सोडल्यासारखी. वाडीच्या रस्त्याचं काम कागदावर आहे, सरपंचाशी बोलणं झालंय, गावकी खूश असली की अशी कामं लवकर होतात. मग तो दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून गेला. कमलाबाईने कप उचलला तेव्हा त्यात अर्ध्याहून जास्त चहा होता, आणि एक डोंगळा.

"सांगितल्यान का नाय, तळेवाडीला हा विचारून आला का परस्पर आला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तो वरलीवाडीचा. तो कशाला विचारतोय," भिवा म्हणाला. आणि थोड्या वेळाने म्हणाला, "शिमग्याच्या दिवशी सहाणेवर एकदा उभा राहिला माणूस, का तो मान होतो. पुढल्या वर्षी विचारीत नायत. बोलावतात."

त्याच्या तोंडून हे आलं म्हणजे ते उगाच नव्हतं. भिवाच्या बापाकडे, म्हणजे धर्माकडे, पालखीपुढे हिलाल, म्हणजे मशाल, धरायचा मान होता. मान म्हणायचं एवढंच. तेल दुसऱ्याचं, पालखी दुसऱ्याची, आणि चटके मनगटाला ह्याच्या. धर्मांतर झालं त्या साली धर्मा सहाणेपर्यंत गेला, हिलाल सहाणेवर टेकवला आणि मागे न बघता घरी आला. भिवा तेव्हा आईच्या पोटात होता. त्या वर्षी वाडीला कुणी कामाला बोलावलं नाही, दुकानातून मीठ मिळालं नाही. माणसांनी कडू कंद उकडून खाल्ले. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की कमलाबाईला आपण स्वतः ते कंद खाल्ल्यासारखं वाटायचं.

आणि अमरदीप. मोठा मुलगा, फौजेत. दिवाळीनंतर त्याच्या तुकडीला आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात नेलं होतं. तिथल्या दोन जमातींची आपसात मारामारी, आणि त्यांच्या मधे देशोदेशीचे शिपाई निळ्या टोप्या घालून उभे. त्याचा त्या टोपीतला फोटो दर्शनाने मोबाइलवर ठेवला होता. तिथून तो कुणी उचलला देव जाणे. महिन्याभरात एस.टी.च्या थांब्यावर हा मोठा बॅनर लागला. वर तालुक्याच्या पुढाऱ्याचे हात जोडलेले, बाजूला सहा-सात चेहरे, आणि खालच्या कोपऱ्यात अमरदीप. 'गावाचा अभिमान.' घरच्यांना कुणी विचारलं नाही. मग दुसऱ्या पक्षाची सभा झाली. तिथे एकजण माइकवर ओरडला की सरकार गरिबांची पोरं परक्यांच्या भांडणात मरायला पाठवतं. तिथेही अमरदीपचं नाव घेतलं, आणि तिथेही घरच्यांना कुणी विचारलं नाही. कमलाबाईला दोन्ही सारखेच वाटले. पोरगा जिवंत असताना बॅनरवर चढला, याचीच तिला भीती वाटायची.

रविवारी विहारात वंदना झाली आणि लोक तसेच बसून राहिले. मुंबई मंडळाचे अध्यक्ष रघुनाथ, वाडीचे रघूदादा, फोनवरून बोलणार होते. वाडीतला कुठलाही निर्णय असो, लग्नाचा मांडव का विहाराचा पत्रा, तो मुंबईला विचारल्याशिवाय होत नसे. फोन स्टुलावर ठेवला आणि त्याच्यापुढे माइक धरला. रघूदादांचा आवाज विहारभर खरखरायला लागला. ते म्हणाले, ही संधी आहे. आजवर आपल्याला कडेला ठेवलं, आज मधे बोलावतायत. आपण आता हिलाल धरायला नाही चाललो, आपण शांतता राखायला चाललो आहोत. पोरांनी निळ्या टोप्या घालाव्यात, टोप्या मंडळ पाठवील. सरपंचाशी रस्त्याचं त्यांचं बोलणं झालेलं आहे.

पोरं खूश झाली. टोप्या म्हटल्यावर तर जास्तच.

भिवा उठला. उठायलाच त्याला वेळ लागला. तो म्हणाला, आमच्या बापाने जे सहाणेवर ठेवलं ते आपण परत उचलायला चाललोय. नाव दुसरं, काम तेच. त्याच्या परीने तो बरा बोलला, पण मागून कुणीतरी म्हणालं की भिवाआजा, तुमचा स्वतःचा पोरगा सरकारसाठी परक्यांच्या मधे उभा आहे, त्याला तुम्ही अडवलंत काय? आणि वाडीसाठी उभं राहायचं तर तुम्हाला बापूस आठवला. लोक हसले नाहीत, पण भिवा बसला. ते बसणं कमलाबाईला सहन झालं नाही.

ती बायकांतून उभी राहिली. "रघूदादा, घरटी एक माणूस ठरला ना? तुमच्या घरचा कोण?"

रघूदादांच्या घराला वाडीत गणपतीनंतर कुलूप होतं, दोन्ही मुलगे मुंबईत नोकरीला. फोन जरा वेळ खरखरला. "हॅलो," रघूदादा म्हणाले, "हॅलो, आवाज येत नाय." आता मात्र लोक हसले. पण हसण्याने ठराव काही मोडत नाही. हात वर झाले, ठरलं. आणि सगळ्यात आधी ज्याने नाव दिलं तो होता हर्षद, कमलाबाईचा धाकटा. आंब्याच्या बागांतून फवारणीला जाणारा, चोविशीतला, हसरा, आणि भावाच्या टोपीवर जीव असलेला.

घरी येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. चुलीपुढे बसल्यावर बोलली. "एक दिला मी. दुसरा देणार नाय."

"आये, कोणी मारायला नेत नाय माला. उभाच राहायचा हाय."

"तो पण जाताना ताच बोलला होता."

हर्षद उठून बाहेर गेला. दर्शना भाकरी थापत होती, तिच्या हाताचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला. कमलाबाईला एकदम वाटून गेलं की हिनेच दिराच्या डोक्यात भरवलं असेल. आपला नवरा तिकडे उभा, तर दिराने तरी का बसावं? असं वाटल्याची तिला लाज वाटली, पण वाटायचं राहिलं नाही. त्या दिवसांत तिला सगळ्यांचाच संशय यायला लागला होता, अगदी चुलीवरच्या मांजराचासुद्धा.

अमरदीपचा फोन त्याच संध्याकाळी आला. चेहरा काळवंडलेला, मागे मातीच्या गोण्यांची भिंत. त्याला सगळं आधीच कळलं होतं. हर्षदने कळवलंच असणार. कमलाबाईने आडवळण न घेता विचारलं, तिकडे दोघे अंगावर आले की तुम्ही काय करता?

"उभे राहतो," तो म्हणाला. "आये, दोघे भांडत असतात तवा एकमेकांकडे बघत असतात. मधी आपण गेलो का दोघे आपल्याकडे बघतात."

"मग?"

"मग काय. आमच्या गाडीवर इकडच्यांनी पण दगड मारले, तिकडच्यांनी पण. ह्यांना वाटतं आमी त्यांचे, त्यांना वाटतं आमी ह्यांचे." तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "हर्षदला सांग, कोणाच्या हातचा पाणी पण घ्यायचा नाय त्या दिवशी. आणि आमच्याकडे निदान बंदूक हाय, जरी चालवायची नसली तरी. त्याच्याकडे काय हाय?"

तिने फोन दर्शनाकडे दिला आणि परसात जाऊन उगाच केळीला पाणी घातलं. तिला सकाळीच पाणी घालून झालं होतं.

होळीच्या आठवड्यात काजू पिकतो. दर वर्षी कमलाबाई तळेवाडीच्या राहीबायच्या बागेत बी गोळा करायला जायची. लांब काठीच्या आकडीने बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पाडायचं, बी पिळून वेगळी करायची, बोंडू हाऱ्यात टाकायचं. बियांच्या चिकट डिकाने बोटांची कातडी सोलून निघते, पण काम सावलीचं. राहीबाय तिच्याच वयाची, विधवा, तिच्याबरोबर कामाला वाकणारी. दोघींचं बरं होतं. गुळाचा खडा राहीबाय हातावर द्यायची, वरून टाकायची नाही. हे कमलाबाईने कधीच टिपून ठेवलं होतं.

त्या दिवशी राहीबाय बोलेना. दुपारी फणसाखाली बसल्यावर म्हणाली, "कमळाबाय, खरा सांग. रावजीने तुमाला रस्ता कबूल केलान?"

"बोलला तो काहीतरी."

"तर मग तुमची पोरा त्याच्याच बाजूने उभी राहणार. आमच्या वाडीत सगळे ताच बोलतात."

कमलाबाईने शपथ घेतली. राहीबायने मान हलवली, पण ती मान ऐकल्याची होती, पटल्याची नव्हती. संध्याकाळी निघताना राहीबाय म्हणाली की आता शिमगा होईपर्यंत नको येऊ, दीर कुरकुरतात. त्या दिवशी तिने गूळ दिला नाही, विसरली असेल. कमलाबाई आकडी खांद्यावर टाकून बाबूच्या दुकानावरून घरी आली, तर तिथे वरलीवाडीची चार माणसं बसलेली. तिला ऐकू जाईल अशा आवाजात एकजण म्हणाला, ह्यांच्या बायका तळेवाडीच्या काजूत वाकतात, ह्यांची पोरं कोणाच्या बाजूला वाकायची ते काय सांगायला पाहिजे? बाबू दुकानदार तिच्याकडे न बघता वजनकाट्यावरची धूळ पुसत राहिला.

म्हणजे अमरदीप म्हणाला ते आफ्रिकेतच होतं असं नव्हतं. अजून कुणी कुठे उभंसुद्धा राहिलं नव्हतं आणि दोन्ही बाजूंनी दगड यायला लागले होते. तिने हे भिवाला सांगितलं. भिवा म्हणाला, आता माघार घेतली तर दोघेही म्हणतील की दुसऱ्याने विकत घेतले. हा रस्ताही बंद झाला होता. रावजीने तो मुद्दाम बंद केला, की आपोआप झाला, ह्याचा ती रात्रभर विचार करत राहिली आणि पहाटेकडे कधीतरी झोपली.

पालखीच्या दिवशी ऊन सकाळपासूनच फुटलं होतं. मुंबईहून आलेल्या टोप्या पोरांनी घातल्या. निळ्या, चकचकीत, पुढे पांढऱ्या अक्षरात 'शांतता पथक'. हर्षदने आरशात बघून ती जरा तिरकी केली, फोटोतल्या भावासारखी. कमलाबाईने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, आणि पुन्हा सांगितलं, हेच पाणी. तो हो म्हणाला. मग एकदम खाली वाकला आणि तिच्या पायाला हात लावला. एरवी परीक्षेलासुद्धा त्याने हे कधी केलं नव्हतं. म्हणजे भीती त्यालाही होती, नुसती टोपीखाली होती.

तो गेल्यावर तिला घरात राहवेना. आकडी घेतली, काजूला चालल्यासारखी निघाली, आणि मळ्याच्या वरच्या दगडी गडग्यापाशी करवंदीच्या जाळीआड जाऊन उभी राहिली. तिथून सहाण समोर दिसत होती. सहाणेच्या उजव्या अंगाला वरलीवाडी, डाव्या अंगाला तळेवाडी, दोन्हीकडे बाप्ये कंबरा कसून उभे. आणि मधे, सहाणेच्या पुढ्यात, उन्हात, निळ्या टोप्यांची एक ओळ. हातात हात धरलेली. पोलीस दोनच, आणि ते आंब्याखाली.

ढोल वाजायला लागले. पालखी देवळाच्या उतारावरून आली, खांदे बदलत, डुलत, आणि सहाणेवर टेकली. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं. ढोल थांबले. दोन्हीकडचे चार-चार जण दांड्याला हात घालायला पुढे सरले आणि निळ्या ओळीपाशी थांबले. खरोखरच थांबले. हर्षद ओळीच्या मधोमध होता. क्षणभर तिला वाटलं, जमलं. माझ्या पोराने थांबवलं. तिचा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगा.

मग गुरवाने हात वर केला. तो हळूच बोलला, पण मळ्यात सगळ्यांना ऐकू गेलं. "पालखी उचलायची तर वाट मोकळी पाहिजे. ह्यांच्यातनं कशी न्यायची?"

रावजीने तळेवाडीच्या गावकराकडे पाहिलं. तळेवाडीच्या गावकराने रावजीकडे पाहिलं. वर्षभरात त्या दोघांनी एकमेकांकडे सरळ बघितलं नव्हतं. आणि त्या बघण्यात काय होतं ते कमलाबाईला करवंदीच्या जाळीतून, इतक्या लांबूनसुद्धा, स्वच्छ कळलं. असल्या गोष्टी लांबूनच चांगल्या कळतात.

"सरा रे जरा मागे," रावजी म्हणाला.

"मागे व्हा. लांब व्हा," तळेवाडीचा म्हणाला.

पोरांना कळेना. त्यांना मधे उभं राहायला सांगितलं होतं. कुणी एक पाऊल मागे झालं, कुणी झालं नाही. ओळीतले हात ताणले. हर्षद म्हणाला, "आमी सरलो तर तुमी परत..." त्याचं बोलणं पुरं झालं नाही. दोन्हीकडून हात आले, उघडे, मग मुठी. उजवीकडचे आणि डावीकडचे, ओळखू न येणारे. ओळ सहाणेपासून मागे, गडग्यापर्यंत रेटत नेली. हर्षदची टोपी पडली. ती उचलायला तो वाकला आणि वर आला तेव्हा त्याची भुवई फुटलेली होती. कोणाच्या हाताने फुटली हे पुढे कधीच कळलं नाही. वरलीवाडीने सांगितलं तळेवाडीच्या, तळेवाडीने सांगितलं वरलीवाडीच्या, आणि पोलिसांनी सांगितलं की तो गडग्यावर पडला.

वाट मोकळी झाली. आणि मग वरलीवाडीचे दोघे आणि तळेवाडीचे दोघे असा खांदा पालखीला लागला. कुणी आधी कुणी नंतर हा प्रश्नच उरला नाही. पालखी मधल्या वाटेने, दोन्ही वाड्यांना डावं-उजवं न करता, ढोलाच्या गजरात निघाली. माणसं एकमेकांच्या अंगावर गुलाल टाकत होती. एक पोलीस दुसऱ्याला म्हणाला, गाव शहाणं आहे.

कमलाबाई गडग्यावरून उतरली ती हातापायांवर. लुगड्याला काटे, पायाला चिरे लागले. हर्षद खाली बसला होता, टोपी हातात, रक्त डोळ्यात. तिने पदर त्याच्या भुवईवर दाबून धरला. तो रडत नव्हता. "आये, आमी तर कोणालाच अडवला नाय गो," एवढंच म्हणाला. तिने बाटलीतलं पाणी त्याला पाजलं. बाटली भरलेली होती. दिवसभर उन्हात उभा राहून त्याने त्यातलासुद्धा घोट घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दाढ रचत होती. मातीचा शेवटचा थर राहिला होता. दर्शना हर्षदला टाके घालायला आरोग्य केंद्रात घेऊन गेली होती. वरून पावलं वाजली.

"गो कमळे, भिवा हाय का?"

तिने मान वर केली नाही. ढेकळं फोडत राहिली. भिवा ओटीवरच होता आणि रावजी या खेपेला बसला नाही, पायरीखालीच उभा राहिला. त्याने हातातला नारळ ओटीच्या कडेला ठेवला, गावकीतर्फे. म्हणाला, झालं ते झालं, पोरांचा जरा गोंधळ झाला, पण काम झालं. गावात भांडण मिटलं, साहेब खूश आहेत. रस्त्याचं या वर्षी जमेल असं नाही, पण बघू. मग वळता वळता म्हणाला:

"पुढल्या वर्षापास्नं असाच करायचा. घरटी एक माणूस. तुमचा ता आता मानच झाला."

ढेकूळ कमलाबाईच्या हातात राहिलं. ओटीवर भिवाने डोळे मिटून घेतले. आपलं बोलणं खरं झाल्याचा आनंद माणसाला होतो, असं म्हणतात. भिवाच्या तोंडावर तो कुठे दिसला नाही.

रावजी पाखाडी उतरून दिसेनासा झाला, तशी ती हात न धुताच घरात गेली. खुंटीवरची टोपी काढली. पांढऱ्या अक्षरांवर रक्त वाळून तपकिरी झालं होतं. कोपऱ्यातला हारा रिकामा करून तिने टोपी त्यात टाकली, नारळ टाकला, आकडी घेतली. वाडीत तीन घरांत टोप्या मागून बघितल्या. दोघांनी दिल्या. एकाच्या बायकोने, मुंबईला विचारून देते, म्हणून दार लोटलं. बाकीच्या ठिकाणी तिने विचारलंच नाही. भिवा काठी टेकत तिच्यामागे निघाला होता. नको म्हटलं तरी ऐकेना. परह्यापर्यंत आला, तिथे गुडघ्याने नाही म्हटलं, तेव्हा तो धोंड्यावर बसला आणि म्हणाला, "जा तू. मागे बघू नको."

सहाणेवर गुलाल तसाच पडला होता. मळ्यात दोन्ही वाड्यांची माणसं मांडव सोडत होती, एकत्र, हसत. रावजीही होता, राहीबायचा दीरही होता. तिला बघून हसणं थांबलं. तिने हारा उतरवला. एकेक टोपी काढून सहाणेच्या कडेला ठेवली, मग नारळ.

"ता काय गो?" रावजीने विचारलं.

"तुमचा मान. परत आणला."

त्यावर कुणी काय म्हटलं ते तिने ऐकलं नाही, कारण ती चालायला लागली होती. पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं. काजूचं काम गेलं, बाबूच्या दुकानातलं बोलणं वाढणार, रघूदादांचा फोन येणार. तिने मागे बघितलं नाही.

एस.टी.च्या थांब्यापाशी ती थांबली, ती दम खायला. समोर बॅनर होता. उन्हाने पुढाऱ्यांचे चेहरे पांढरे पडले होते, एका कोपऱ्याची दोरी तुटून तो भाग फडफडत होता. अमरदीप निळ्या टोपीत, खालच्या कोपऱ्यात, तसाच. हर्षदची टोपी परत करायला सहाण तरी होती. ह्याची कुठे नेऊन ठेवायची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दिल्लीला का मुंबईला, का त्या हात जोडणाऱ्याच्या दारात. तिला रडू आलं, भर रस्त्यात, आणि तिने ते पुसलं नाही.

मग तिने आकडी वर केली. काजूचं बोंडू ओढावं तशी दोरीत अडकवली, आणि हिसडा मारला. एक दोरी तुटली, दुसरी तुटली. बॅनर अंगावर धाडकन आला, धुळीचा लोट उठला. थांब्यावर बसलेली हौसा म्हातारी म्हणाली, अगो, पोलिसांत देतील ना तुला. कमलाबाईने ते कापड जमिनीवर पसरलं, पुढाऱ्यांचे चेहरे आत दुमडले आणि लेकाचा चेहरा वर राहील अशी घडी घातली. ती हाऱ्यात ठेवली, हारा डोक्यावर घेतला.

परह्यावर भिवा वाट बघत होता. त्याने हाऱ्यात डोकावून पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला.

"चला," ती म्हणाली. "एवढा तरी घरी आला."

दोघं पाखाडी चढू लागली, तो काठीवर आणि ती हाऱ्याला एक हात लावून, कारण वारा सुटला होता.